नारपोलीतली बिनसुट्टीची ड्युटी

बोलतोय तो मीच, जिन्याखालचा काळा डबा. गणपतीच्या मखराच्या मागे ठेवलाय ना, तोच. जरा सावकाश बोलेन, सांभाळून घ्या. दोन-अडीच वर्षं एका दमात पळालोय, आता दम उरलेला नाही.

मी एक कॉम्प्युटर. नुसता कॉम्प्युटर असतो तर बरं होतं. सकाळी चालू केला, संध्याकाळी बंद केला, विषय संपला. पण माझ्या नशिबी एका जिवावर दोन कामं आली. घरातल्या सगळ्यांच्या फायली सांभाळणारा सर्व्हर मी, आणि मोटारींच्या शर्यतीचे गेम चालवणाराही मीच. झोप कशी असते ते मला परवा-परवा कळलं.

भिवंडीच्या नारपोलीत रामनाथ शेठचं घर. पुढे घर, मागे पॉवरलूमची शेड. घरात बायको सीताबाई, मुलगा कुणाल, सून विनिता आणि इंजिनिअरिंगला असलेली मुलगी ऋतिका. कुणालचा कॉम्प्युटर खाली ऑफिसात, विनिताचा वरच्या खोलीत, ऋतिकाचा तिच्या टेबलावर. एकाच फोटोच्या तीन ठिकाणी तीन कॉप्या, आणि हवा तो फोटो वेळेला कुठेच सापडायचा नाही. साखरपुड्याचे फोटो कुणी उडवले यावरून या घरात दोन दिवस अबोला झालेला आहे, आता बोला!

शेवटी विनिता म्हणाली, "सगळं एकाच मशीनमध्ये ठेवू. ते कायम चालू राहील. ज्याला जे पाहिजे ते त्यानं वायरीवरून घ्यावं."

ऋतिकानं लगेच शेपूट जोडलं, "कायम चालूच राहणार आहे तर त्याच्यावर गेम पण चालू दे ना, वहिनी!"

माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ ते शेपूट.

धामणकर नाक्याजवळ केसरीनाथचं छोटं दुकान होतं, सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जोडून द्यायचं. तिथे नणंद-भावजय मला निवडायला आल्या, आणि बरोबर रामनाथही आला. या घरात मशीन घ्यायचं आणि रामनाथनं ते हातात धरून बघायचं नाही, असं कसं चालेल?

दोघींचं काही जमेना. विनिताला हव्या होत्या दोन हार्ड डिस्क. एकीवर जे उतरेल ते आपोआप दुसरीवरही उतरायला पाहिजे, म्हणजे एक गेली तरी घरातलं काही जायला नको. शिवाय आवाज कमी, वीज कमी. ऋतिकाला हवं होतं मोठं ग्राफिक्स कार्ड. ते कार्ड म्हणजे खादाड पाहुणा. वीज मागणार, उष्णता ओकणार आणि थंड राहायला वर आणखी एक पंखा मागणार. त्यात भिवंडीचं लोडशेडिंग. लाइट गेली की जेवढं खादाड कार्ड, तेवढा यूपीएस लवकर मान टाकणार.

"एक डिस्क काढ ना वहिनी, कार्ड मोठं बसेल."

"तुझ्या मोटारी पळवायला माझ्या लग्नाचे फोटो पणाला लावू? डोकंबिकं आहे का?"

केसरीनाथ स्क्रू-ड्रायव्हरनं कान खाजवत म्हणाला, "मी सांगू का? नांगराचा बैल निराळा आणि शर्यतीचा निराळा. एकाच बैलाला दोन्हीकडे जुंपाल तर तो दोन्हीकडून जाईल. दोन मशीन घ्या."

त्या दिवशी त्याचं ऐकलं असतं तर मी आज इथे नसतो. पण ते कुणीच ऐकलं नाही. रामनाथला तर निराळीच गोष्ट पडली होती. हार्ड डिस्क तळहातावर तोलत त्यानं विचारलं, "ही मिनटाला किती फिरते?"

"सात हजार दोनशे, शेठ."

"बापरं! आमची लूम मिनटाला शंभर-सव्वाशे फेरे मारते तं आम्ही तिचं कौतुक करतो. याला सुट्टी कवा?"

"सर्व्हरला सुट्टी नसते."

"शुक्रवारी पण न्हाय? आमच्या लूमला शुक्रवारची सुट्टी हाय."

"शुक्रवारी पण नाही."

"मंग मरंल बिचारा," रामनाथ म्हणाला. माझ्याविषयी पहिल्यांदा कुणाला दया आली ती अशी. त्या वेळी माझे भाग अजून खोक्यांतच होते.

शेवटी तडजोड झाली. प्रोसेसर दोन कोअरचा, म्हणजे एका डोक्यानं फायली बघायच्या आणि दुसऱ्यानं शर्यत. डिस्क दोन, विनितानं तिथे हट्ट सोडलाच नाही. कार्ड मधलं. पॉवर सप्लाय जरा बरा. पैसे संपत आले तसे पंखे मात्र स्वस्तातले, घरघर करणारे. डबा रामनाथनं निवडला. साऱ्या डब्यांवर टकटक करून त्यानं सर्वांत जाड पत्र्याचा, सर्वांत कुरूप डबा उचलला. ऋतिकानं कपाळाला हात लावला. माझं हे रूप असं आलं.

घरी मला पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसवलं. सीताबाईनं हळदकुंकू लावलं, लिंबू-मिरची बांधली आणि स्वतः विणलेला लोकरीचा रुमाल माझ्या डोक्यावर घातला. भर मे महिन्यात! ऋतिका काढायची, सीताबाई घालायची. "पोरी, उघडा ठेवला तं धूळ जाईल ना त्याच्यात." तिचंही बरोबर होतं. मागच्या शेडमधून सुताची बारीक रुई वाऱ्याबरोबर घरभर फिरायची आणि माझ्या पंख्यांत येऊन बसायची. महिन्याभरात माझ्या पोटात गादी तयार व्हायची. लाइट आली की मागे सगळ्या लूम एकदम उठायच्या, व्होल्टेज पडायचं, यूपीएस बोंब मारायचा आणि मी डोळे गच्च मिटून तग धरायचो. सकाळी कुणालचे ऑफिसचे कागद, दुपारी विनिताच्या भावाच्या हळदीचं शूटिंग, संध्याकाळी ऋतिकाची शर्यत. माणसं मोठी गमतीची असतात. मशीन चाललं की त्याची आठवण नाही, जरा अडलं की लगेच, "याला झालंय तरी काय?" अरे, दमलंय! आणखी काय व्हायचंय?

असं वर्ष गेलं, आणि त्या दिवाळीनंतर रामनाथला लकवा मारला.

जीव वाचला. पाय थोड्या दिवसांत ओढत का होईना, चालायला लागला. जीभ जड झाली होती, ती सुटली. पण उजवा हात राहिला. मांडीवर ठेवला की तिथेच पडून. आणि तो कुणाचा हात होता? धावत्या लूमवर तुटलेला धागा चिमटीत धरून डोळा लवायच्या आत गाठ मारणारा हात तो. कारीगर लोक नव्या माणसाला सांगायचे, "मालिक का हाथ देखो, हाथ!"

व्यायाम घ्यायला तुळजा नावाची मुलगी यायची, फिजिओथेरपी शिकलेली. तिनं पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, "काका, हा हात परत येऊ शकतो. पण काम आत्ताच करून घ्यायला हवं. पुढचे काही महिने हातचे गेले तर तो कायमचा असाच राहील."

तिनं रबराचा चेंडू दिला. रामनाथनं तो डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकला. "मी काय ल्हान पोर हाय?" दुसरा चेंडू आला, तोही गेला. कुणी बघत असलं की तो हात पंच्याखाली लपवायचा. एक म्हातारा कारीगर भेटायला आला, म्हणाला, "मालिक, नीचे आइए, बस बैठिए. आप नहीं रहते तो शेड सूनी लगती है." रामनाथनं भिंतीकडे तोंड केलं. तो गेल्यावर सीताबाईला म्हणाला, "हा हात घेऊन मी शेडमधी पाय ठेवणार न्हाय. लोकांनी कीव करायला मी काय देवळापुढं बसलोय?"

सीताबाई स्वयंपाकघरात जाऊन रडली. भांडी मुद्दाम मोठ्यानं वाजवत रडली, पण मला ऐकू आलं. मी चोवीस तास जागा, मला सगळंच ऐकू यायचं.

रामनाथची खुर्ची माझ्या समोरच होती. तो दिवसभर माझ्याकडे बघत बसायचा आणि मी त्याच्याकडे. ऋतिका संध्याकाळी शर्यत खेळायला बसली की तो आधी तोंड फिरवायचा. मग हळूहळू एक डोळा इकडे आला. तरुणपणी छकड्याच्या शर्यती बघायला गावोगाव हिंडलेला माणूस तो, शर्यत दिसली की किती वेळ गप्प बसेल?

"अगं कडंला घे! कडंला! वळणावर कुणी एवढा पळवतं का?"

"तुम्हीच पळवून दाखवा ना, बाबा."

"मना येतं पण हात..." आणि त्यानं तो हात पंच्याखाली ओढला.

ऋतिकानं गेम तिथेच बंद केला. पण दुसऱ्या दिवशी तिनं गेममधल्या कळा बदलल्या. गाडी वळवायच्या कळा डाव्या हाताला, आणि गाडी पळवायची कळ उजवीकडच्या टोकाला. एका हातानं गाडी एकाच वेळी पळवता-वळवता येणारच नाही, असं करून ठेवलं. मग कीबोर्ड रामनाथच्या खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवून, विसरल्यासारखं करून ती कॉलेजला गेली.

दुपारी घर जेवून आडवं झालं. रामनाथनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि त्या कळीवर ठेवला.

कळीवरचा दाब मला कळतो. माझं कामच ते. त्या दुपारी कळीवर हात होता पण दाब नव्हता. स्क्रीनवर बाकीच्या गाड्या सुटल्या, रामनाथची गाडी जागेवरच उभी राहिली. तो गाडीला शिव्या द्यायला लागला. मग हाताला. मग देवाला. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारीही. आणि त्यानंतर कधीतरी एकदा कळ एवढीशी दबली. गाडी हातभर पुढे गेली आणि थांबली. रामनाथ कितीतरी वेळ त्या हातभर अंतराकडे बघत राहिला. घरात हे फक्त मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

त्यानंतर तो रोज बसायला लागला. हॉल रिकामा झाला की चोरासारखा. आणि नेमकं त्याच वेळी माझे हाल! कुणाल खालून मोठमोठ्या फायली ओढतोय, विनिता वरून शूटिंग उतरवतेय, कार्ड तापलंय, पंख्यात रुई. मी अडकलो की गाडी अडकायची, रामनाथचा दाब फुकट जायचा आणि तो हिरमुसून हात काढून घ्यायचा. त्या वेळी मला माझीच लाज वाटायची. मनात म्हणायचो, बाबांनो, थोडं थांबा, इथे एक माणूस बोट हलवतोय.

एका दुपारी विनिताची कॉपी अर्ध्यावर अडली. काय झालं बघायला ती तरातरा खाली आली आणि हॉलच्या दारात थबकली. रामनाथची पाठ तिच्याकडे होती. खांदा वाकलेला, मान पुढे, आणि उजव्या हाताचं मधलं बोट कळीवर, थरथरत, पण खाली दाबलेलं. तोंडानं चाललंय, "हुर्र... हुर्र... चल माझ्या राजा..."

विनितानं पदर तोंडात धरला आणि ती आल्या पावली मागे फिरली.

तेव्हापासून घरात एक नवा नियम निघाला. "सर्व्हर तापतो," विनितानं जेवताना सगळ्यांना सांगितलं, "दुपारी कुणीही फायली घ्यायच्या नाहीत. त्याला तेवढा आराम." कुणालनं कपाळाला आठ्या घातल्या, तर तिनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. नंतर तिनं सगळ्यांना गुपचूप खरं सांगितलं, एका रामनाथला सोडून. आता दुपार झाली की सगळं घर कसं शहाण्यासारखं झोपायचं! कुणाल शेडमधून वर यायचा तो चपला हातात घेऊन. सीताबाई तर आतल्या खोलीत पडून खोटं खोटं घोरायची. मला ऐकू यायचं ना, खरं घोरणं निराळं असतं. मधेच रामनाथ ओरडायचा, "मारला! मारला एकाला!" तेव्हा तिचं घोरणं पटकन थांबायचं, आणि मग आणखी मोठ्यानं सुरू व्हायचं.

आणि मला काय वाटायचं? माझ्या नावानं मिळालेल्या त्या आरामात मी सर्वांत जास्त राबत होतो. पण खरं सांगतो, तेवढ्या वेळच्या दमण्याला मी कधी नाव ठेवलं नाही. बोटामागून बोट कळीवर येत होतं. दाब वाढत होता. तुळजा हात वर-खाली करून बघायची आणि म्हणायची, "काका, घरी काही करता का हो?" रामनाथ म्हणायचा, "न्हाय बा. मी निस्ता बसून असतो."

मी मात्र खंगत चाललो होतो. मागचा पंखा सुकला होता, करकर करायचा. ऋतिकानं उष्णता निघायला माझं एका बाजूचं झाकण काढूनच ठेवलं होतं. "पुढच्या महिन्यात नवा पंखा घालू," असं ती प्रत्येक महिन्यात म्हणायची.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी रामनाथ धुतलेलं धोतर नेसला आणि कुणालाही न विचारता जिना उतरून शेडमध्ये गेला. कित्येक महिन्यांनी. तिथे मशिनांची पूजा होती. खालून कारीगरांचा गलका ऐकू आला, "मालिक आ गए! मालिक आ गए!" सीताबाई धावत खाली गेली, तिच्यामागे सगळे. घरात मी एकटाच उरलो.

थोड्या वेळानं जिन्यावर पाय ओढल्याचा आवाज आला. रामनाथ एकटाच वर आला होता. एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्या हातात शेडमधली तेलाची कुप्पी. लांब चोचीची, बूड अंगठ्यानं दाबलं की टक करून तेल सोडणारी.

त्यानं मला हार घातला. मग कान देऊन माझी करकर ऐकली. आवाजावरून लूमचं दुखणं ओळखणारा माणूस तो. "सुकलास रं," तो म्हणाला, "सगळ्यांना तेल दिलं, तुलाच कुणी देत न्हाय." मला बंद करायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याची सारी हयात चालत्या मशीनला तेल देण्यात गेली होती. उघड्या झाकणातून चोच आत आली. टक. पंख्यावर. टक, टक. आणखी आत, पॉवर सप्लायच्या जाळीतून. टक, टक, टक. रामनाथ हात आखडता घेणारा माणूस नव्हता.

पंख्यानं ते तेल रुईसकट माझ्या पोटभर उडवलं. मग एक चटका बसला, फट्ट झालं आणि काळा धूर निघाला. सगळे पंखे थांबले. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

धुराचा वास खाली गेला तशी सगळी धावत वर आली. ऋतिकानं प्लग ओढला आणि ती किंचाळली, "बाबा! हे काय केलंत?"

रामनाथ तसाच उभा, डोळे भरलेले. "तेल दिलं गं. त्यानं माझ्यासाठी लय केलं. दुपारचा मी... तुम्ही झोपलेले असायचे तवा मी याच्यासंगती खेळायचो. तुम्हाला म्हाईत न्हाय."

"म्हाईत हाय सगळ्यांना," सीताबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "घोरून घोरून घसा सुकला माझा!"

रामनाथला ते कळायलाच वेळ लागला. एकेकाच्या तोंडाकडे बघून तो खाली बसला आणि म्हणाला, "माझ्या हातानं मेला गं तो."

ऋतिका काहीतरी बोलणार होती. तिची नजर कुप्पीवर गेली. मग वडिलांच्या पुढ्यात बसून तिनं हळूच विचारलं, "कुठल्या हातानं, बाबा?"

रामनाथनं खाली बघितलं. कुप्पी त्याच्या मुठीत होती. अंगठा अजून तिच्या बुडावर दाबलेला होता.

"उजव्या," तो म्हणाला.

मग माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि बघायचं कारणही नव्हतं.

संध्याकाळी विनितानं माझ्या दोन्ही डिस्क काढून नेल्या आणि उरलेला मी जिन्याखाली आलो. कुणाचं काही गेलं नाही. केसरीनाथकडून आता दोन निराळी मशीन आली आहेत. ती दोघं आपापल्या कामापुरती राबतात आणि सुखी आहेत. रामनाथला शर्यत खेळायला वेळ नाही, तो दिवसभर शेडमध्ये असतो. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा रामनाथनं त्याला दारातूनच परत पाठवला.

रोज सकाळी तो माझ्या समोरच्या पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावतो. बक्कल काही चटकन लागत नाही. बोटं घसरतात, पुन्हा धरतात. सीताबाई वरून विचारते, "लावून देऊ का?" तो म्हणतो, "र्‍हाऊ दे. मना येतं." आणि लागेपर्यंत बसून राहतो.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. उद्या या घरात कुणी हुशार निघाला आणि म्हणाला, जुना डबा आहे, नवा सप्लाय घालून चालू करून बघू, तर त्याचा हात धरा. मी बिघडलेलो नाही, माझं काम झालंय. जिन्याखाली अंधार आहे, गारवा आहे आणि मला हाक मारणारं कुणी नाही. येतो मी. झोप अनावर झाली आहे.